समोरचा व्हरांडा

"आणखी एक आलं," ओरेस्ट म्हणाला.

"कोण?"

"कोण नाही, काय. भांडं. वरून चांदीचा कागद लावलाय. बटाटेच असणार."

"तू आधी तो पडदा सोड," डार्लीन स्वयंपाकघरातून म्हणाली. "सोमवारपासून धरून बसलायस. तेवढ्याच जागी मळलाय."

ओरेस्टने पडदा सोडला नाही. रस्त्यापलीकडे लाइल गुडमंडसनच्या व्हरांड्यात तांबड्या कोटातली एक बाई गुडघे टेकून बसली होती. तिने आपलं काचेचं भांडं बाकीच्या भांड्यांच्या रांगेत अलगद ठेवलं, हातमोजा काढून व्हरांड्याच्या खांबाला हात लावला आणि डोळे पुसले. घाईघाईनेच पुसले, कारण बाहेर उणे अठ्ठावीस होतं आणि रडायचं ते गोठायच्या आत उरकावं लागत होतं. तिच्यामागे पायरीवर एक उंच गृहस्थ स्वतःचं भांडं छातीशी धरून उभे होते.

"तुमचं सावकाश होऊ द्या," ते म्हणत असणार. ती म्हणत असणार, "झालंच माझं, सॉरी." मग ते म्हणणार, "सॉरी कशाला, मीच लवकर आलो." ओरेस्टला काचेआडून ऐकू येत नव्हतं, पण कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये सगळा जन्म गेल्यावर हे ऐकू यावं लागत नाही. दोघं बराच वेळ एकमेकांना वाट देत पायरीवर उभी राहिली. अखेर कुडकुडत दोघंही एकदमच निघाली आणि एकमेकांवर आपटली. त्यावर पुन्हा सॉरी.

लाइलच्या घरी कोणी गेलं नव्हतं. लाइल एकटाच राहायचा, आणि तो धडधाकट होता. आतून खिडकीत उभा राहून तो येणाऱ्या प्रत्येकाला ओशाळवाणा हात करत होता. गेली होती ती मालिका. एकोणीस वर्षं चाललेली 'उद्या बघू' रविवारी संपली होती.

आमच्या विलो बेंड गावात कोणाकडे मयत झालं तर लोक फारसं बोलत नाहीत. बोलणं आम्हाला जमत नाही. आम्ही बटाटे किसतो, त्यात साय आणि चीज घालतो, भट्टीत खरपूस भाजतो आणि ते भांडं नेऊन दुःखी माणसाच्या दारात ठेवतो. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव असतं. हे एवढ्या गावापुरतंच नाही, सगळ्या प्रेअरीच्या सपाट मुलुखात असंच आहे. तेव्हा मालिका संपली म्हटल्यावर या मुलुखातल्या माणसाने काय करावं, हा प्रश्नच नव्हता. त्याने भट्टी तापवली. प्रश्न एवढाच होता की भांडं कोणाच्या दारात ठेवायचं. आणि सगळ्या मुलुखाने ते चुकीच्या दारात ठेवलं होतं.

निदान ओरेस्ट ह्रिंकिवचं तरी तसं मत होतं.

मालिकेत हेझल आणि स्टू नावाची दोन म्हातारी बहीणभावंडं नदीवरचा तराफा चालवायची. तराफा कायम नादुरुस्त. पलीकडे जायला आलेला माणूस विचारी, "कधी सुटणार?" आणि दोघं आपल्या व्हरांड्यात चहा पीत म्हणत, "उद्या बघू." एवढंच. याच्यावर एकोणीस वर्षं सगळा देश हसला. आणि तो व्हरांडा होता ओरेस्टचा. दरवर्षी उन्हाळ्यात चित्रीकरणाच्या गाड्या यायच्या आणि ओरेस्ट व डार्लीनला त्यांच्याच घरात कोंडून ठेवायच्या. कॅमेरा चालू असताना नळ सोडायचा नाही, खोकायचं नाही, गवत कापायचं नाही. मोहरीच्या रंगाचं दार त्याला कधीच आवडलं नव्हतं, पण ते बदलायचं नाही. खचलेली फळी खचलेलीच ठेवायची. ओरेस्टने हे सारं सोसलं, आणि सोसताना मनातून जो फुगला तो फुगलाच. गावात पाहुणा आला की ओरेस्ट कारण नसताना त्याला आपल्या घरावरून न्यायचा आणि म्हणायचा, "हे काय, आमचं साधंच घर."

मग गेल्या वसंतात कळलं की आता शेवटचा भाग. सगळा देश बघणार. ओरेस्टच्या मनात आलं, मुलीच्या पाठवणीला बाप मळक्या सदऱ्यात उभा राहतो का? बर्फ वितळल्या वितळल्या त्याने व्हरांड्याच्या फळ्या बदलल्या, खालून जॅक लावून उतार काढला, कठडा घासला आणि सगळ्यावर चकचकीत पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. दिग्दर्शिका गाडीतून उतरली आणि तिने नव्या कठड्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "खूपच छान झालंय." आमच्याकडे वाईट बातमी याच शब्दांत देतात. डार्लीनला तेव्हाच कळलं. ओरेस्ट मात्र म्हणाला, "अजून खिडक्या राहिल्यात."

दिग्दर्शिका हळूच मागे वळली. समोर लाइलचं घर होतं. बांधणारा तोच, बांधलं त्याच वर्षी, आणि व्हरांडा असा होता की एकोणीस वर्षांत त्याला कोणी हात लावला नसावा. तीच खचलेली फळी, तेच पोपडे. लाइलच्या आळसाला असं फळ आलं. शेवटचा प्रसंग तिथे चित्रित झाला. हेझल आणि स्टू कप कठड्यावर ठेवतात, उठतात आणि दुरुस्त झालेल्या तराफ्याकडे चालत जातात. मागे नुसता व्हरांडा राहतो. लाइलचा. कॅमेरा त्याच्यावर इतका वेळ थांबला होता की रविवारी ओरेस्टला वाटलं टीव्ही बिघडला, आणि तो बिघडावा अशी त्याने मनोमन प्रार्थनाही केली.

"लाइल येतोय," डार्लीन म्हणाली. "तोंड नीट कर."

लाइल दारात उभा राहून बूट झटकू लागला. उंचीने सहा फुटांच्या वर, पण उभा असा राहायचा की जागा अडवल्याबद्दल माफी मागतोय असं वाटावं. हातात भांडं होतं.

"सॉरी हं. जेवायच्या वेळेला आलो का?"

"नाही रे, ये ना," डार्लीन म्हणाली.

"जरा जास्तच झालंय माझ्याकडे. फ्रिज भरला. म्हटलं, तुम्ही घेता का थोडं. हे बरं आहे, यात कांदा आहे."

"आमच्याकडे आहे जेवण," ओरेस्ट म्हणाला.

"हो, ते आहेच. सॉरी. पण लोक थांबतच नाहीत रे. आज एक माणूस तर गुडघ्यावर बसून फळीला हात लावत होता. मला काय करावं कळेना, मी आतून दिवा लावला."

"खचलेल्या फळीला?"

"हो. तीच त्याला आवडली."

ओरेस्टने भांडं घेतलं. रात्री जेवताना त्याने दोनदा वाढून घेतलं आणि प्रत्येक घासाला तो अधिकच दुखावत गेला. उत्तम झाले होते बटाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्लीन कर्लिंगच्या खेळाच्या क्लबात गेलेली बघून ओरेस्टने पहार काढली. विचार सरळ होता. व्हरांडा नवा केल्याने मान गेला, तर जुना केल्याने परत येईल. त्याने पॉलिश पेपर घेऊन कठड्याचा पांढरा रंग खरवडायला सुरुवात केली. थंडीत रंग दगडासारखा घट्ट झाला होता. मग त्याने पायरीजवळची नवी फळी पहारीने उचकटली आणि खालचा जॅक सैल करायला तो पोटावर सरपटत आत शिरला. जॅक एकदम सुटला. व्हरांड्याचा एक कोपरा खाली बसला, तोही इतक्या सुंदर कोनात की ओरेस्ट बर्फात पडल्या पडल्या स्वतःशी हसला.

"अहो! लागलं का तुम्हाला?"

रस्त्यात एक गाडी थांबली होती. ब्रँडनहून आलेलं एक जोडपं आणि बाईचा भाऊ. हातात अर्थात भांडं.

"काही नाही, काही नाही," ओरेस्ट अंग झटकत म्हणाला. "हाच तो व्हरांडा. जुना आहे."

"बिचारा एकटाच करतोय," बाई नवऱ्याला म्हणाली, "या वयात."

"मी करत नाहीये, मी..."

"तुम्ही बसा. केन, गाडीतून हत्यारं काढ."

ओरेस्ट नको म्हणाला. एकदा नको म्हटलं की आमच्याकडे तो संकोच समजतात. दुसऱ्यांदा नको म्हटलं तर ती भिडस्तपणाची कमाल समजतात. तिसऱ्यांदा म्हणायची पद्धत नाही. तोवर केनने जॅक वर घेतला होता आणि त्याचा मेव्हणा सांगत होता की तो सुतारच आहे, त्यामुळे काळजी नको. समोर लाइलच्या व्हरांड्यात भांडी ठेवायला आलेल्या दोघातिघांनी हे पाहिलं आणि तेही आले. कोणीतरी रस्त्यावरच्या शेडमधून तापवायचं यंत्र आणलं, थंडीत रंग वाळावा म्हणून. जेवणवेळेपर्यंत ओरेस्टचा व्हरांडा गेल्या वसंतात होता त्याहून सरळ आणि त्याहून पांढरा झाला. एका पोऱ्याने कठड्याला सुरेख गोलाई काढून दिली. शेवटी सगळ्यांनी ओरेस्टला मिठ्या मारल्या, भांडी उचलली आणि रस्ता ओलांडून लाइलकडे नेऊन ठेवली.

डार्लीन परत आली तेव्हा ओरेस्ट नव्या कठड्याला टेकून उभा होता.

"हे कोणी केलं?"

"लोक फार चांगले आहेत," ओरेस्ट दात ओठ खाऊन म्हणाला.

त्यानंतर त्याने पाटी लावली. पाटीवर काय लिहावं यावर दुपार गेली. 'खरं घर हे' असं लिहिणं म्हणजे समोरच्याला खोटं म्हणणं, आणि ते ओरेस्टला आतून कितीही वाटत असलं तरी पाटीवर लिहिण्याचं धैर्य त्याच्या सात पिढ्यांत कोणाला झालं नसतं. शेवटी त्याने लिहिलं, 'उद्या बघू', आणि खाली घराकडे बोट दाखवणारा मोठा बाण काढला.

शनिवारी सकाळी त्याच्या अंगणात गाड्याच गाड्या. ओरेस्टची छाती फुलली. नवा स्वेटर घालून तो दार उघडून उभा राहिला. माणसं गाडीतून उतरायची, भांडी काढायची, त्याच्याकडे बघून कृतज्ञतेने हात हलवायची आणि रस्ता ओलांडून जायची.

"पार्किंगची सोय केलीत, फार बरं झालं," एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम जवळ येऊन म्हणाले. "या गावात माणुसकी आहे."

त्या संध्याकाळी ओरेस्ट जेवला नाही. डार्लीनने त्याच्यासमोर सूप ठेवलं, उचललं, गरम केलं, परत ठेवलं.

"तुला नक्की काय हवंय?" तिने विचारलं. "बटाटे हवेत का?"

"बटाटे नकोत."

"मग?"

ओरेस्टने चमचा खाली ठेवला. "एकाने तरी म्हणावं ना," तो म्हणाला. "एका माणसाने. की हे घर तुझं होतं. एकोणीस उन्हाळे मी खोकलो नाही, डार्लीन. मला ब्राँकायटिस होता तेव्हासुद्धा."

डार्लीनने कोट चढवला आणि ती रस्ता ओलांडून गेली. ती लाइलशी काय बोलली हे तिने कधी सांगितलं नाही. पण रविवारी चर्चहून परत येतात तो लाइल बर्फावरून ओढायची लाकडी घसरगाडी घेऊन दारात उभा. गाडीवर भांड्यांचा मनोरा, दोरीने बांधलेला. ही तिसरी खेप होती. आधीच्या दोन ओरेस्टच्या व्हरांड्यात रचून झाल्या होत्या.

"तुझंच आहे हे सगळं," लाइल खाली बघत म्हणाला. "मला आधीच कळायला हवं होतं. सॉरी, ओरेस्ट. घर तुझं, मालिका तुझी. मी माझ्या पायरीवर चिठ्ठी लावलीये की समोर जा. आणि मी उद्या बहिणीकडे ॲरिझोनाला निघतो. मी असलो की लोकांचा गोंधळ होतो."

जिंकल्यावर काय म्हणायचं असतं याची ओरेस्टला सवय नव्हती. "अरे, एवढं काही नव्हतं," तो म्हणाला आणि त्याने पहिलं भांडं उचललं.

सोमवार हा ओरेस्टच्या आयुष्यातला सुवर्णदिवस ठरायला हरकत नव्हती. सगळ्यात जाड कोट घालून तो आपल्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला. लोक आले. भांडी त्याच्या पायाशी ठेवली गेली. त्याने मोहरीच्या रंगाच्या दाराची गोष्ट सांगितली, नळाची सांगितली, ब्राँकायटिसची खोकून दाखवून सांगितली. लोकांनी टोप्या काढून ऐकली. मग थंडर बेहून आलेली एक बाई त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, तिने खोल श्वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"खरंच," ती म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान."

"आता काय," ओरेस्ट विनयाने म्हणाला.

"इथून त्यांचा व्हरांडा किती स्पष्ट दिसतो!"

ओरेस्टने तिला चहा दिला. पाहुण्याला चहा द्यावाच लागतो.

संध्याकाळी डार्लीनने एक भांडं उचलून उलटं केलं आणि बुडावरचं नाव-गाव वाचलं. मग दुसरं. मग तिने चष्मा पुसला.

"ओरेस्ट, हे एस्टेव्हनचं आहे."

"असेल."

"हे यॉर्कटनचं. हे फ्लिन फ्लॉनचं. इतक्या लांबून कोणी बटाटे घेऊन येतं का?"

"प्रेम असतं," ओरेस्ट म्हणाला. आज तो उदार होता.

"प्रेम असतं ते ठीक. भांडी परत कोण करणार?"

ओरेस्टने आपला चेहरा तसाच ठेवला, पण त्यामागे काहीतरी खाली बसलं, त्या दिवशी जॅक सुटल्यावर व्हरांडा बसला होता तसं. भांडं आलं की ते परत जातं. स्वतः नेऊन द्यायचं असतं. पोस्टाने पाठवलं तर त्या घराशी पुढच्या पिढीचाही संबंध उरत नाही. आणि रिकामं द्यायचं नसतं. हे नियम कोणी केले माहीत नाही, पण ओरेस्टच्या आजीने रिकामं भांडं परत करणाऱ्या एका बाईशी मरेपर्यंत बोलणं टाकलं होतं.

"लाइलला आली होती ती भांडी," ओरेस्ट म्हणाला. "तत्त्वतः."

"तू घेतलीस. तत्त्वतः तुझी."

"तो ॲरिझोनाला गेला!"

"हो," डार्लीन म्हणाली. "तिथे ऊन आहे म्हणे." आणि तिने त्याच्यासमोर बटाट्यांचं पोतं आणि किसणी ठेवली.

पुढचे दिवस ओरेस्टने गाडीत काढले. मागच्या सीटवर, पायाशी, डिकीत, सगळीकडे झाकलेली भांडी. वळणावर गाडीत चर्चच्या घंटा वाजाव्या तसा आवाज व्हायचा. एस्टेव्हनच्या मिसेस क्लासेननी दार उघडलं, भांडं दोन्ही हातांनी घेतलं, त्याला बसवलं, चहा दिला आणि उठून आत गेल्या. आल्या त्या दुसरं भांडं घेऊन.

"हे काय?" ओरेस्ट घाबरून म्हणाला.

"तुम्ही भरलेलं आणलंत ना? मग मी तुम्हाला रिकाम्या हाताने कसं पाठवू?"

"नको हो, खरंच नको."

"किती संकोच करता," मिसेस क्लासेन म्हणाल्या. या भांड्याच्याही बुडाला नाव होतं.

यॉर्कटनला असंच झालं. ब्रँडनला केन आणि त्याच्या बायकोने दोन दिली, कारण मेव्हण्याला वाईट वाटलं असतं. ओरेस्ट घरून जितकी भांडी घेऊन निघायचा त्याहून थोडी जास्त घेऊन परत यायचा. आणि प्रत्येक घरी, चहा संपत आला की, माणसं थोडी पुढे सरकून तोच प्रश्न विचारायची.

"तो समोरचा माणूस कसा आहे हो? तो व्हरांडेवाला?"

"बरा आहे," ओरेस्ट म्हणायचा.

दोन आठवड्यांनी त्याने हार मानली. व्हरांडा भरला होता, गॅरेज भरलं होतं, त्याच्या अंगाला सायीचा वास येत होता आणि डार्लीन सकाळच्या नाश्त्याला बटाटे दिसले की खोलीबाहेर जात होती. लाइलला फोन करायचा, त्याचे पाय धरायचे आणि म्हणायचं, बाबा रे, मान तुझा, व्हरांडा तुझा, परत ये आणि निम्मी भांडी तू पोचव. वाक्य त्याने आरशासमोर म्हणूनही पाहिलं. तो फोनकडे हात नेतो तोच फोन वाजला.

"सॉरी, ओरेस्ट. जेवत होतास का?"

"लाइल! अरे, मी तुलाच..."

"आधी मला बोलू दे रे. नाहीतर धीर जाईल." लाइलच्या मागे कुठेतरी पाण्यात पोरं खिदळत होती. "इथे सगळं छान आहे. पोहायचा तलाव आहे. झाडाला संत्री आहेत, हात वर केला की मिळतात. पण मला चैन नाही. सारखं वाटतं, ओरेस्ट आता कोणाच्या तरी घरी बसला असेल. ते त्याला चांगली खुर्ची देत असतील. विचारत असतील."

"हं," ओरेस्ट म्हणाला. काय चाललंय ते त्याच्या लक्षात येईना.

"मी तुला कधी बोललो नाही. एकोणीस वर्षं मी खिडकीत उभा राहून तुझ्या घराकडे बघत होतो. ते दिवे, त्या गाड्या. तुला ते सांगायचे, ओरेस्ट, आता हलू नका. मला कधी कोणी हलू नको म्हटलं नाही. तुझी पायरीजवळची फळी खचली ना, तेव्हा मी माझीही खचवली. पहारीने. तुझ्या कठड्याचे पोपडे निघाले तेव्हा मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. म्हटलं, दोन्ही सारखे दिसले तर कधीतरी त्यांचं लक्ष जाईल."

ओरेस्ट खुर्चीत बसला. "मला वाटायचं तू आळशी आहेस."

"आळशी माणसाचा व्हरांडा इतका बेताने खचत नाही रे," लाइल जरा दुखावून म्हणाला. "आणि शेवटी एकदाचा माझा नंबर लागला, तर डार्लीन आली, आणि मला माझीच लाज वाटली. म्हणून दिलं सगळं तुला. पण विमानात बसल्यापासून नुसता जळतोय."

ओरेस्टला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या होत्या. एक म्हणजे, जे ऐकायला तो इतके दिवस तडफडत होता ते अखेर कोणीतरी आपणहून म्हणालं होतं. दुसरी अधिक दुःखाची होती. एकोणीस वर्षं समोरच्या घरात एक माणूस आपल्यावर जळत होता, आणि असल्या थंडीच्या मुलुखात राहून आपण ती ऊब एक दिवसही घेतली नाही. केवढी नासाडी!

"मी गुरुवारी परत येतो," लाइल म्हणत होता. "निम्मी भांडी माझ्यासाठी ठेवशील? मी पोचवीन. तुलाही दगदग नको."

आरशासमोर म्हटलेलं वाक्य ओरेस्टच्या जिभेवरच होतं. ते त्याने गिळलं.

"दगदग कसली," तो सावकाश म्हणाला. "लोक सोडतच नाहीत रे. काल मेल्फर्टला तर जेवायलाच बसवलं. भिंतीवरचा फोटो बाजूला करून मला तिथे उभं केलं आणि माझा फोटो काढला."

फोटोचं खोटं होतं.

"जेवायला काय होतं?" लाइलने विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बटाटे," ओरेस्ट म्हणाला, आणि त्या शब्दाची चव त्याला दोन आठवड्यांत पहिल्यांदाच गोड लागली.

त्याने फोन ठेवला तेव्हा डार्लीन दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत आशा होती.

"येतोय ना? निम्मी न्यायला?"

"येतोय. पण त्याला एकही द्यायचं नाही."

डार्लीनने त्याच्याकडे बघितलं, मग गॅरेजच्या दाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "ओरेस्ट, फ्लिन फ्लॉन राहिलंय. सबंध दिवसाचा रस्ता आहे. आणि तिथून ते आणखी देणार."

"देऊ देत."

त्याने बाह्या सरसावल्या, पोत्यातून एक मोठा बटाटा निवडला आणि तो सोलायला लागला. सोलता सोलता तो शीळ घालत होता. डार्लीन खुर्चीवर टेकली. हा माणूस आजारी पडला की सुधारला, हे तिला ठरवता येईना.

"मग केव्हा जायचं?" तिने विचारलं. "उद्या पहाटे निघालो तर उजेडात पोचू. हवाही बरी आहे."

"उद्या नको," ओरेस्ट म्हणाला. "लाइलचं विमान गुरुवारी दुपारी आहे. तो घरी पोचला, सामान लावलं, खिडकीत येऊन उभा राहिला की मग निघू."

त्याने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला.

"गाडी भरायला जरा वेळ लागेल."